अवधूतच्या एकशे सतरा हिरव्या सकाळी

भिंगारच्या त्या गल्लीत कुणाचा गॅस कधी संपला आणि कुणाकडचे पाहुणे किती दिवस हललेच नाहीत, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण मुळ्यांचा अवधूत दिवसभर वरच्या खोलीत बसून नेमकं करतो काय, हे सहा वर्षांत एकालाही सांगता आलं नव्हतं. पोरगा हुशार, नगरच्याच कॉलेजात इंजिनिअर झालेला, चार वर्षं पुण्यात राहून लॉकडाऊनमध्ये बॅग घेऊन परत आला तो आलाच. नोकरी शाबूत, पगार शाबूत, लग्न तेवढं बाकी. तीन ठिकाणी जमत आलेलं मोडलं, कारण म्हणे मुलीला तो एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारी आणि उत्तरं जुळतात का ते पाही.

समोरच्या लंकाबाईंना राहवलं नाही. त्या माहेरच्या तिसगावच्या, पोटात काही ठेवायची सवय नाही. एकदा जिन्यावरच त्यांनी त्याला अडवलं.

"अवधूता, तू काम कंचं करतोस रं? खरं सांग. येकांदा कुनी इचारलं तर आमी काय सांगावं?"

"काकू, प्रोग्रॅममधली चूक शोधायला एक प्रोग्रॅम असतो. त्याला डीबगर म्हणतात. दुसऱ्या प्रोग्रॅमला हवं तिथं थांबवायचं, त्याच्या पोटात त्या क्षणी काय चाललंय ते बघायचं, हे त्याचं काम."

"आन् तुजं?"

"तो डीबगर स्वतः चुकत नाही ना, ते मी बघतो."

लंकाबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजी पोलिसाच्या मागं लावलेला पोलीस हायस तू."

"तसंच म्हणा."

"मंग तुज्या मागं कोन हाय?"

अवधूत हसला आणि वर गेला. गल्लीनेही त्या दिवशी तो विनोदच समजला.

काम मात्र त्याने मन लावून उभं केलं होतं. तीन हजार एकशे चाळीस चाचण्या. प्रत्येक चाचणी म्हणजे मुद्दाम लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आणि डीबगरला घातलेला एक प्रश्न: बाविसाव्या ओळीवर थांब, आणि सांग, तिथं आकडा किती आहे? उत्तर सात आलं तर पास, आठ आलं तर नापास. सोप्या एका फोल्डरात, अवघड दुसऱ्यात, एकाच वेळी दोन-चार कामं करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या तिसऱ्यात. आई विजयाबाई डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतात तशा याने फोल्डरांवर लावलेल्या. रोज सकाळी साडेपाचला सगळं आपोआप सुरू होई, सातला निकाल येई. पास ते हिरवं, नापास ते लाल. अवधूत चहा पिता पिता निकाल पाही आणि खाली आपलं नाव घाली. त्याचं नाव पडलं की पुण्यातली मंडळी पुढच्या कामाला लागत.

पण लाल रंगाशी त्याचं लहानपणापासून वाकडं. चौथीत गणिताच्या वहीवर लाल रेघ आली तेव्हा पठ्ठ्याने ते पानच कोऱ्या पानावर उतरवून काढलं होतं. आणि चाचण्यांत काही असतातच लहरी. आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. दोष डीबगरचा नसतोच, मशीनचा मूड. अशांची एक यादी ठेवायची आणि त्या तात्पुरत्या बाजूला काढायच्या, ही त्यांच्याकडची रीत. प्रत्येकीपुढे कारण लिहायचं, तारीख लिहायची, आणि महिन्याभरात तिला परत आणायचं. दिवाळीनंतर रोजच्या या पाच-सात लाल रेघांना अवधूत कंटाळला आणि ते काम त्याने एका छोट्या प्रोग्रॅमलाच सोपवलं. जी चाचणी धड पास नाही, धड नापास नाही, ती त्याने आपणहून यादीत टाकावी. परत आणायचं मात्र अवधूतने हाताने करायचं होतं.

त्या दिवसापासून निकालावर ओळ येऊ लागली: नापास, शून्य.

एक आठवडा शून्य. महिनाभर शून्य. पुण्याच्या दिशा मॅडमनी, म्हणजे त्याच्या वरच्या बाईंनी, सगळ्यांसमोर कौतुक केलं. मार्चच्या मध्यावर एका शुक्रवारी डीबगरची नवी आवृत्ती बाहेर जायची होती. घेणारी कंपनी दवाखान्यातल्या पंपांचे प्रोग्रॅम लिहिणारी. रोग्याच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने मोजून सोडणारे पंप. दुपारी चारला आवृत्ती जाणार, त्याआधी अवधूतची शेवटची सही पडणार, आणि ती पडली की पुढच्या महिन्यापासून चाचण्यांचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली येणार, असं दिशा मॅडमनी जवळजवळ सांगूनच टाकलं होतं.

म्हणून त्या सकाळी तो लॅपटॉप उघडाच घेऊन खाली आला. शामकांत मुळे पेपर वाचत होते. ते एका हायस्कुलात एकतीस वर्षं क्लार्क होते, दहावीचं सगळं कागदपत्र त्यांच्या हातचं. मुलाचं कौतुक तोंडावर करायचं नाही, हा त्यांचा नेम.

"बाबा, हे बघा. एकशे सतरा दिवस. एकही नापास नाही."

शामकांतांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "छान. बसले किती?"

"म्हणजे?"

"पटावर किती, परीक्षेला बसले किती? इथं नुसतं नापास शून्य लिहिलंय."

"सगळ्याच बसतात बाबा. आपोआप चालतं ते."

"आपोआप," शामकांत म्हणाले, आणि पेपराची घडी घातली. "आमच्या शाळेचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के लागला होता. पेढे वाटले होते, आठवतं?"

"हो. सत्कार झाला होता ना तुम्हा सगळ्यांचा?"

"झाला. गणपती उठले की हेडमास्तर मला यादी द्यायचे. गळतील अशी पोरं. त्यांच्या आईबापांना बोलवायचं, समजूत घालायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. पोरगं बाहेरून परीक्षेला बसणार. पास झालं, नापास झालं, आमच्या पटावर नाहीच. फॉर्म माझ्याच अक्षरात असायचे."

विजयाबाई स्वयंपाकघरातून पोळपाटासकट दारात आल्या. "अहो, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत!"

"विचारलं नाहीस कधी."

"पेढे खाल्ले की मी ते!"

अवधूतचं या नवरा-बायकोकडे लक्षच नव्हतं. त्याने निकालाचं लांबलचक पान शेवटपर्यंत खाली ओढलं, जिथं तो चार महिन्यांत गेला नव्हता. पटावर तीन हजार एकशे चाळीस. बसल्या एक हजार आठशे शहाऐंशी.

त्याने पुन्हा वाचलं. मग बोट लावून वाचलं.

"बाराशे चोपन्न," तो म्हणाला. आवाज असा निघाला की विजयाबाईंनी पोळपाट खाली ठेवला.

"काय झालं रे? कुणाचं काय झालं?"

"बाराशे चोपन्न चाचण्या चालतच नाहीयेत, आई."

वर जाताना त्याने जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळल्या. यादी उघडली. दिवाळीनंतर तिच्यात तेवीस नावं होती. जानेवारीच्या बारा तारखेला एकदम बाराशेवर. त्या दिवशी काय झालं होतं? जुनं मशीन जाऊन नवं आलं होतं. नव्यावर जास्त चाचण्या एकाच वेळी चालायच्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला वेळ कमी यायचा. ज्यांचा पेपर वेळेत पूर्ण झाला नाही त्या ना पास, ना नापास. म्हणजे लहरी. म्हणजे यादीत. अवघड फोल्डर तर अख्खंच्या अख्खं आत गेलं होतं. आणि एकदा आत गेलेलीला बाहेर आणायचं ज्याच्याकडे होतं, तो चहा पीत शून्य पाहत होता.

प्रत्येक नावापुढे कारणाची जागा कोरी. ज्याने टाकलं त्याच्या जागी बाराशे चोपन्न वेळा एकच शब्द: अवधूत. त्या छोट्या प्रोग्रॅमला त्यानेच आपलं नाव वापरायला दिलं होतं.

त्याने जानेवारीनंतरची पुण्याची कामं काढून पाहिली. यादी वाढली त्यानंतरचे दोन महिने पुण्यातल्या मंडळींनी डीबगरचं पोट उघडून आतलं निम्मं नव्याने शिवलं होतं, आणि ते बिनघोर, कारण रोज सकाळी अवधूतचं नाव खाली होतं.

त्याने वेळेची मर्यादा वाढवली, यादी रिकामी केली आणि सगळ्यांना परीक्षेला बसवलं. दहा वाजून पाच मिनिटं. दोन तास लागणार होते. विजयाबाई दोनदा पोहे ठेवून गेल्या, दोनदा गार झालेले घेऊन गेल्या. पहिली लाल रेघ आली तेव्हा तो नुसता बघत राहिला. विसावी आल्यावर मोजणं सोडलं. बारा वाजून गेल्यावर सगळं थांबलं: नापास दोनशे अकरा.

त्यातली एक त्याने उघडून पाहिली. प्रोग्रॅमात एकाच वेळी दोन कामं चालू. डीबगरला विचारलं, दुसऱ्या कामात आकडा किती? त्याने पहिल्याचा सांगितला. न अडखळता, न कुरकुरता, छातीठोक. दुसऱ्यात होतं चाळीस, याने सांगितलं चार. पंपाच्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला बसलेला माणूस हा चार खरा मानून चालणार होता.

यादी पुन्हा भरायला एक बटण पुरे होतं. दुपारी चारपर्यंत कुणी पाहिलं नसतं. आजवर तरी कुणी पाहिलं होतं? त्याचं बोट खरंच त्या बटणापर्यंत गेलं, आणि मग तेच बोट त्याने फोनवर ठेवलं.

"दिशा मॅडम, आवृत्ती थांबवा."

"गंमत करू नकोस अवधूत, इथं केक आणलाय."

"बाराशे चोपन्न चाचण्या जानेवारीपासून बंद होत्या. आत्ता चालवल्या. दोनशे अकरा नापास आहेत."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

"बंद कुणी केल्या?"

नवं मशीन म्हणता आलं असतं. प्रोग्रॅमची गफलत म्हणता आलं असतं, आणि दोन्ही खोटं नव्हतं.

"मी. लहरी चाचण्या आपोआप यादीत टाकायला मी लावल्या. परत एकही आणली नाही. पट रोज खाली लिहिलेला होता, मी पाहिला नाही."

"एकशे सतरा दिवस?"

"हो."

"अरे, मी वरच्यांना दाखवलंय ते! चित्र काढून!" दिशा मॅडमचा आवाज चिरकला. मग त्या म्हणाल्या, "तीनला मीटिंग घेते. तू सांगायचंस. मी नाही."

तीनला लॅपटॉपवर चौदा माणसांपुढे त्याने ते सांगितलं. दार लोटलेलं होतं, पण गल्लीत लोटलेल्या दाराला काही अर्थ नसतो. खाली शामकांत आणि समोर लंकाबाई, दोघांनाही त्याचा शब्द न् शब्द ऐकू गेला. आवृत्ती थांबली. विभाग त्याच्या हाती येणार होता तो आला नाही. निकालाखाली नाव घालायचा अधिकार त्याच दिवशी काढून पुण्यातल्या पार्थला दिला, आणि पार्थ अवधूतपेक्षा सहा वर्षांनी लहान.

संध्याकाळपर्यंत गल्लीत नोकरी गेल्याचं पक्कं झालं होतं. लंकाबाई झणझणीत शिपी आमटीचं पातेलं घेऊन आल्या, मयताच्या घरी येतात तसं तोंड करून.

"काडलं व्हय रं तुला?"

"नाही काकू. सही काढून घेतली."

"आन् काम?"

"काम आहे तेवढंच आहे. वाढलं, दोनशे अकरांनी."

"तू सोताच सांगितलंस म्हनं तिकडं. कुनी धरलं न्हवतं तरी?" लंकाबाई त्याच्याकडे, तो जणू गच्चीवरून उडी मारून उभा राहिलाय, असं बघत होत्या. "लईच येडा हायस बाबा."

शामकांतांनी पातेलं त्यांच्या हातून घेऊन आत नेलं. विजयाबाईंनी ताट वाढलं. अवधूत दोन घास खाऊन उठला आणि वर गेला. चाळीसचे चार कुठे होतात ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी खोट्या डीबगरला दुसऱ्या, खऱ्या डीबगरखाली ओळीओळीने थांबवत न्यायला हवं होतं. त्याने पहिल्या ओळीवर थांबा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.