दोंद्र्याच्या दक्षिणेला पंधरा मैल

सॅमसन झिराडकर साध्या खलाशाचा सेकंड ऑफिसर झाला तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं. बरोबरची मुलं पंचविशीतली. पण पनवेलमध्ये, इस्रायल तलावाकडच्या त्यांच्या मोजक्या बेने इस्रायली ज्यू घरांत, या बढतीचं फार कौतुक झालं. नकाशावर जहाजाचा मार्ग आखणं हे आता त्याचं काम. हात नेटका होता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याचं कंटेनर जहाज सिंगापूरहून उरणजवळच्या बंदराकडे निघालं. तिथेच त्याची सुट्टी सुरू होणार होती. त्याची मुलगी हदास नर्सिंगच्या नोकरीसाठी रविवारी पहाटे इस्रायलला जायची होती. शुक्रवारी सकाळी बंदराची वेळ मिळाली तर संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागायच्या आत तो घरी पोचणार होता. ती वेळ चुकली की जहाज दोन दिवस बाहेर नांगरून राहणार.

कंपनीचं एक पत्रक आलेलं होतं. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्र्यासमोर, निळे देवमासे चरतात, आणि जहाजांचा जुना रस्ता नेमका त्यांच्या कुरणातून जातो. शक्य असेल तिथे पंधरा मैल दक्षिणेकडून जावं, असं त्यात होतं. सॅमसनने ते वाचलं. दक्षिणेकडून वळसा घेऊन किती वेळ जादा लागेल, तेही काढलं. अर्धा तास. मग त्याने जुनीच रेघ ओढली. कॅप्टनने न विचारता सही केली.

मंगळवारी दुपारी ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, त्याचीच पाळी होती. पावणेतीनच्या सुमाराला डाव्या बाजूला, जरा पुढे, पाण्यातून उंच फवारा उठला. तो पाहून सॅमसनला आनंदच झाला. एवढं मोठं जनावर आपणहून बाजूला होईल, असं त्याने गृहीत धरलं. दहा-बारा मिनिटांनी जहाजाचा वेग जरासा पडला. धक्का असा काहीच नव्हता. तीनशे मीटरच्या जहाजाला कसला धक्का बसणार? प्रवाह उलटा असेल, असं त्याने वेळ आणि जागेसकट आपल्या नोंदवहीत लिहिलं. वेळ भरून काढायला कॅप्टनने इंजिनचे फेरे वाढवायला सांगितले, आणि पुढचे अडीच दिवस जहाज त्याच जोराने चाललं.

शुक्रवारी सकाळी बंदराबाहेर, जहाज आत नेणाऱ्या पायलटला घेऊन छोटी लाँच आली. तिच्यावर उरणचा बुधाजी कोळी होता. सॅमसनची त्याच्याशी वर्षानुवर्षांची ओळख. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "साहेब, तुमच्या जहाजाच्या नाकावर देवमासा हाय. मेलेला. तुमाला ठाऊक नाय काय?"

सॅमसन धावत पुढच्या टोकाला गेला आणि वाकून पाहिलं. जहाजाच्या पुढच्या गोल नाकावर तो प्राणी आडवा पडला होता. मधोमध वाकलेला, दोन्हीकडून पाण्यात लोंबणारा. जहाज मागे घेतलं तसा तो हळूहळू सुटला आणि लाटांवर तरंगत राहिला. देवमासा कुठे अडकला ते माहीत नाही, बहुधा आधीच मेलेला असावा, असा अहवाल कॅप्टनने तयार केला आणि सगळ्यांना तेच सांगायला बजावलं. सॅमसननेही खाली सही केली.

संध्याकाळी तो घरी होता. बायको एलिशेवाने दिवे लावले, हदासने त्याच्या ताटात वाढलं. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, पण तो ताट अर्धवट टाकून उठला. दमलाय, असं दोघींना वाटलं. रविवारी तो मुलीला विमानतळावर सोडून आला.

सोमवारी बुधाजीचा फोन आला. देवमाशाचं धूड उरणच्या किनाऱ्याला लागलं होतं. बुधाजीची बायको कृष्णाबाई आणि कोळीवाड्यातल्या बाया हळदकुंकू नि नारळ वाहून आल्या होत्या. "मादी हाय, साहेब," तो म्हणाला. "अंगावर दूध हाय तिच्या." सॅमसनने काहीतरी कारण सांगून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात रुचिरा नावाच्या संशोधक बाईंनी फोन केला. धूड त्यांनी तपासलं होतं. टक्कर नेमकी कुठे झाली ते कळलं तर जहाजांचा रस्ता हलवायची मागणी करायला फार उपयोग होईल, असं त्यांनी सांगितलं. वेग कधी कमी झाल्याचं आठवतं का, असंही विचारलं. सॅमसन म्हणाला, काही जाणवलं नाही.

सुट्टी संपली. तो पुन्हा जहाजावर गेला, परत आला. प्रत्येक वेळी मार्ग आखताना दोंद्र्याच्या पंधरा मैल खालून रेघ ओढायचा. पण टक्कर झाली त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याच्या वहीतच राहिले.

मग योम किप्पूर आला. दिवसभर उपास, सिनेगॉगमध्ये प्रार्थना, सगळ्यांनी मिळून पापांचा उच्चार. सॅमसन छातीवर मूठ मारत होता, आणि एकेक शब्दाला त्याला तो फवारा दिसत होता. उपास सोडून घरी आल्यावर त्याने एलिशेवाला सगळं सांगितलं. अर्धा तास, वेग, सही, फोनवरचं खोटं.

"देवाकडे काय मागायचं ते नंतर माग," ती शेवटी म्हणाली. "आधी त्या बाईंना फोन कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन केला. रुचिराताई रागावतील अशी त्याची अपेक्षा होती, तशी तयारीही होती. त्यांनी फक्त वेळ आणि जागा लिहून घेतली, नोंदवहीच्या पानाचा फोटो मागितला आणि आभार मानले. ते आभार त्याला शिवीपेक्षा जास्त लागले. हे देवमासे थंड समुद्राकडे जात नाहीत, त्यांनी समजावलं. बारा महिने याच पाण्यात राहतात आणि संख्येने फार थोडे आहेत. एक मादी गेली की फरक पडतो.

"पिल्लू असेल?" त्याने विचारलं.

"दूध होतं, म्हणजे असणार. सहा-सात महिने ते आईवरच असतं."

"आणि आईशिवाय?"

"नाही जगत."

सॅमसनने लेखी जबाब दिला. कॅप्टनने त्याच्याशी बोलणं टाकलं. कंपनीने पुढचा करार केला नाही, कारणही दिलं नाही. आता तो पनवेलजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत मार्ग आखायला शिकवतो, आणि पत्रकं नीट वाचायलाही. रस्ता हलवायच्या अर्जाला त्याचा जबाब जोडला गेलाय. काही कंपन्या दक्षिणेकडून जातात. बाकीची जहाजं अजून जुन्याच रस्त्याने.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याला आणखी एक निळा देवमासा लागला होता, पाठ मोडलेला. हे त्याला रुचिराताईंकडूनच कळलं. त्याचा दोष तुमच्यावर नाही, एका फोनने इतक्या लवकर काही बदललं नसतं, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. सॅमसनने ऐकून घेतलं. पण तुमच्या पहिल्या फोनवरच मी खरं बोललो असतो तर काहीच बदललं नसतं हे नक्की का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार.