जुळलेल्या संसाराचा फोटो

पेढा माझ्या तोंडाशी आला तेव्हा खालचा ओठ फुटलेला होता. तीन दिवसांपूर्वी नवऱ्यानं ज्या हातानं फोडला, त्याच हातात पेढा होता.

"भरवा, भरवा. आणि ताई, तुम्ही जरा हसा," मॅडम म्हणाल्या. शिपायानं मोबाइलवर फोटो काढला. पेढ्याची साखर जखमेला झोंबली. तरी मी हसले.

नाशिकमधलं एक समुपदेशन केंद्र, मॅडम तिथल्या समुपदेशक. नवरा एकलहऱ्याला ठेकेदाराकडे कामाला. मी द्वारका चौकाजवळ एका दुकानात ब्लाऊज शिवते. मार लग्नापासूनचा. आईला सांगितलं, ती म्हणाली, मुलं मोठी होऊ दे. मुलं मोठी झाली. भावाला सांगितलं, त्यानं नवऱ्याला जेवायला बोलावून समजावलं. त्या समजावण्याचा मार घरी आल्यावर वेगळा पडला. शेवटी पोलीस चौकीत गेले. तिथं एक कागद हातात दिला आणि या केंद्रात पाठवलं. पेढ्यापर्यंत पोचायलाच मला एकोणीस वर्षं लागली.

त्या दिवशी मॅडम माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या. नवऱ्याशी अर्धा तास. कडक इस्त्रीची साडी, मऊ आवाज.

"तुमच्या वस्तीत हे चालतंच म्हणा. पण माणूस चांगला वाटतो. कामावर जातो."

आमची वस्ती कुठली हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. आडनावावरून ओळखली. तरी मी मान डोलावली. त्याचा राग अजून येतो. त्यांच्यापेक्षा माझा जास्त.

चार महिन्यांनी नवऱ्यानं माझं उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात. चौकीतून पुन्हा त्याच केंद्रात पाठवलं. प्लास्टर घेऊन बाकावर बसले. शेजारी एक तरुण बाई होती. माहेर सायखेड्याचं, सासर इथलं. दंडावर भाजल्याचा डाग. ताजा. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा समोरच्या भिंतीकडे.

"ताई, त्या फोटूतल्या तुमीच ना?"

मी वर बघितलं. फलकावर मोठ्या अक्षरात 'जुळलेले संसार'. खाली दहा-बारा जोडपी, सगळ्यांच्या हातात पेढे. मधोमध मी. ओठाची सूज दिसत होती. कुणी बघितली असती तर.

"मागल्या खेपेला मॅडमनी मला तुमालाच दाखवलं," ती म्हणाली. "म्हणल्या, हिचं तुझ्यापेक्षा लय वाईट होतं, तरी हिनं जुळवून घेतलंच ना. मंग मी बी परत गेले."

"आणि हे?" मी तिच्या दंडाकडे बोट केलं.

"त्याच्यानंतरचं हे."

मार मी एकटीच खाते, असं इतकी वर्षं समजत होते. इथं माझं हसू बघून एक बाई भाजून घ्यायला घरी गेली होती. आणखी किती गेल्या असतील?

आत बोलावलं. मॅडमनी ओळखलं नाही.

"याआधी आला होतात का?"

मी दारातून भिंतीकडे बोट केलं.

"अगंबाई, तुम्ही! किती छान आलाय फोटो." मग त्यांना प्लास्टर दिसलं. "होतं हो असं. अजून एकदा बोलावून घेऊ या त्यांना."

"पेढे मागवू नका," मी म्हटलं आणि बाहेर आले.

डाव्या हातानं फोटोच्या चार टाचण्या काढल्या. टाचण्या काढणं माझं रोजचं काम.

मॅडम मागोमाग आल्या. "अहो, तो ऑफिसचा आहे! वरून तपासणीला येतात."

"फोटो ऑफिसचा असेल. तोंड माझं आहे."

दवाखान्यात प्लास्टर घालताना नर्सनं एक गोष्ट सांगितली होती. तडजोडीला नाही म्हणता येतं. घरगुती हिंसाचाराचा अर्ज द्यायचा, तो संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो, तिथून कोर्टात. एकोणीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनीसुद्धा.

"तो अर्ज लिहून घ्या. पोच द्या. तोवर मी इथंच बसते."

"माझा बी," सायखेड्याची म्हणाली.

दुपारी तीनला दोघींना पोच मिळाली. ती घेऊन मी मुलीबरोबर वेगळी खोली केली. कोर्टाच्या तारखा अजून पडताहेत. एकदा साहेब रजेवर, एकदा नवरा गैरहजर. जाड कापड कापताना मनगट दुखतं.

फोटो माझ्या पिशवीत असतो. मागं डाव्या हातानं लिहिलंय, वाकडंतिकडं: यानंतर चार महिन्यांनी मनगट मोडलं. दुकानाच्या सुट्टीला मी त्या बाकावर जाऊन बसते. नवी बाई आली की तिला फोटो दाखवते, आधी मागची बाजू. भिंतीवर नवं जोडपं लागलं की आत जाऊन विचारते, ही बाई आज कशी आहे? मॅडमना माहीत नसतं.

मग तिला बोलावून विचारा, नाहीतर फोटो उतरवा, मी म्हणते. दोन्हीतलं एक झाल्याशिवाय मी बाकावरून उठत नाही.