पाचपट भावाचं नाणं

गारखेड्यातल्या एका हॉलमध्ये परदेशी नाण्यांचा लिलाव व्हायचा, तिथं एक काका नेहमी भेटायचे. दुष्काळाची वर्षं होती. टँकरनं पाणी विकून पैसेवाले झालेले एक शेठही नव्यानं यायला लागले होते. काका प्रत्येक नाणं भिंगातून बघत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटत, "लई घासलंय. दम नाय याच्यात." भाव पडला की तेच नाणं स्वतः उचलत. मला त्यांचा रागच यायचा.

एकदा एका बाईंनी वारलेल्या नवऱ्याचं ऑस्ट्रियाचं चांदीचं नाणं आणलं. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. काका भिंग लावून म्हणाले, "असलं नाणं जन्मात बघितलं नाय." तसली दोन माझ्या घरी होती, पण मी गप्प राहिलो. काका बोली वाढवत गेले, तसे शेठ इरेला पेटले. भाव पाचपट झाला तेव्हा काकांनी हात खाली घेतला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "शेठ मधेच थांबले असते तर? खिशात तेवढे होते का?"

"चहापुरते व्हते," काका म्हणाले. चहाचे पैसे मात्र त्यांनी मलाच द्यायला लावले.