देवाचं पाणी

१९५६ साल, मी तीस वर्षांचा. पनवेलच्या शेटची जुनी मोटार मीच चालवायचो. दसऱ्याला पूजा करून नारळ थेट इंजिनावर फोडला, आणि मोटार सुरूच होईना. तीन दिवस हँडल मारून हाताची सालं निघाली.

बायको म्हणाली, "नारलाचा पानी आत गेला आसंल."

"देवाचा पानी हाय तो. तुला काय कलतंय? गप रव!"

प्लग, कार्बोरेटर सगळं खोललं. प्लगांना करंट वाटणारी डबी तेवढी उघडली नाही. बायकोचं ऐकल्यासारखं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेटने कंटाळून मोटार भंगारात दिली. माझी चाकरीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडे जाऊन ती डबी उघडली. आतली चिकट ओल धोतराच्या सोग्याने पुसली. एका हँडलात मोटार सुरू झाली. हँडल त्याच्या हातात देऊन मी चालत घरी आलो.