हातांना विचारणारी

"आदी हातांका इचार, मगे कामाक लाग." असं म्हणून काकी आपले दोन्ही पंजे उन्हात उताणे धरायची आणि त्यांच्याकडे बघत बसायची. खरंच तिकडून काही उत्तर येणार आहे, अशा चेहऱ्याने. मग एकेक बोट दाबून बघायची. कुठे दुखलं की त्याची समजूत काढायची. करंगळीवर तिचा विशेष जीव. "सगळो मार ह्यो धाकटो खाता," ती म्हणायची, "आणि थोरलो नुसतो ऐटीत रवता." थोरला म्हणजे अंगठा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि थंडी पडली की ती आठवतात. मी मात्र काकीला नुसतं आठवण्यासाठी लिहीत नाही. तिच्या या हातांवर मी एक आळ घातला होता. तो काढायचा राहिला आहे. माझं वय झालं आहे आणि आता टाळायलाही दम लागतो.

तळेऱ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचा काजूचा लहानसा कारखाना होता. मी तिथे सुपरवायझर. काजूची बी आधी वाफवतात, मग बाया हातयंत्रावर ती फोडून आतला गर काढतात. या कामाला कटिंग म्हणतात. टरफलात चीक असतो. तो कातडीला लागला की कातडी काळी पडते, भाजल्यासारखी सोलते. पावसाळ्यात एक वेळ चालून जातं. पण तुळशीची लग्नं झाली, सकाळी धुकं पडायला लागलं आणि कोरडा वारा सुटला की बोटांच्या टोकांना भेगा पडतात आणि चीक त्या भेगांत शिरतो. मग बाईला घरी भात कालवायलाही चमचा लागतो.

काकी कटिंगमधली सगळ्यात जुनी बाई. नाव हजेरीपटावर होतं, पण शेटपासून सगळे तिला काकीच म्हणत. कार्तिक लागला की ती घरून कोकमाच्या तेलाचा गोळा आणायची. कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं हे तेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं. दहाच्या सुमाराला ती यंत्र सोडून उठायची, बॉयलरच्या उबदार भिंतीला गोळा टेकवून जरासा वितळवायची आणि मागच्या उन्हात बसून हातांना चोळायची. पहिल्या वर्षी एकटी. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोघी. मग सगळ्याच.

दहा मिनिटं. त्यात आधी राखेने हात धुणं, भेगा बघणं, मग तेल. एखादी नवी पोरगी नको म्हणाली की काकी तिला सोडायची नाही. एकदा एक नटवी मुलगी कामावर आली होती. तिला काकी म्हणाली, "तोंडाक पावडर लावतंस आणि हात असे. तोंडान बी फोडतंस काय गो?" सगळ्या हसल्या. ती मुलगी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उन्हात येऊन बसली.

शेटना ही दहा मिनिटं आवडत नसत. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की नंतर काम चांगलं होतं. ते खरंही होतं. हात दुखत नसले की गर अख्खा निघतो, तुकडा पडत नाही.

आळ घातला त्या वर्षी पावसाळ्यात माझी बायको गेली. मुलगा बाहेरगावी, घरी मी एकटाच. धुणं, भांडी, चुलीची राख, विहिरीचं पाणी, सगळं माझ्या हातांवर आलं. त्यांना सवय नव्हती. थंडी सुरू झाली तशी बोटं फाटली. हजेरी लिहिताना पेन धरवेना. मी कुणाला काही बोललो नव्हतो, पण काकीने एकदा हजेरीच्या वेळी माझ्या बोटांकडे बघितलं. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली आणि कागदात गुंडाळलेला एक गोळा माझ्या टेबलावर ठेवला.

"सगळ्यांच्या हातांका मी इचारतंय," ती म्हणाली. "तुज्या हातांका कोण इचारता रे?"

ती म्हणाली, उद्यापासून आमच्यात येऊन बस. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. बायकांत बसून हातांना तेल लावायची मला लाज वाटली. पुरुषाने हात फाटू द्यावेत, अशी काहीतरी माझी समजूत असावी. मी ग्रेडिंगच्या खोलीत, दार लोटून, घाईघाईने तेल चोळायचो आणि हात पँटला पुसायचो. खरोखर बरं वाटायचं. आठवड्याभरात भेगा मिटत आल्या.

ग्रेडिंगच्या खोलीत सोललेला पांढरा गर असतो. तिथल्या बाया हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच आत येतात. आणि सुपरवायझर काय करतो? ट्रेमध्ये हात घालून मूठभर गर उचलतो, प्रतवारी बघतो, परत टाकतो. दिवसातून पन्नास वेळा. मी तेच करत होतो. हाताला तेल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला पटणार नाही, पण इतक्या वर्षांच्या सवयीत हात हे हात राहत नाहीत.

महिन्याभराने गिऱ्हाइकाकडून चार डबे परत आले. पांढऱ्या गरावर पिवळट तकाकी आणि वास. शेटनी डबा माझ्यापुढे उघडला. मी वास घेतला आणि मला कळलं. त्याच क्षणी कळलं, हे लिहून ठेवतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की नंतर कळलं.

शेटनी विचारलं, "कारखान्यात तेल कोण आणतं?"

मी म्हटलं, "कटिंगच्या बाया लावतात. काकीने सवय लावली आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण कटिंगच्या बायांच्या हाताखालून जातो त्या गरावर साल असते. ती पुढे निघते. त्यांच्या हातचं तेल पांढऱ्या गरापर्यंत पोचूच शकत नाही. हे कारखान्यातल्या शेवटच्या बाईलाही ठाऊक होतं. शेट फक्त हिशेब बघत, त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्यांनी दहा मिनिटं बंद केली आणि काकीला काढायला सांगितलं. सांगायचं काम माझं. मी तिला बाहेर बोलावलं आणि डबे परत आल्याचं, शेट रागावल्याचं, उद्यापासून येऊ नको असं सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. मी तिच्या हिशेबाचा कागद हातात धरला होता. तिची नजर कागदावर नव्हती.

"बरे झाले तुजे हात," ती म्हणाली.

एवढंच. त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच बरं वाटलं होतं. मग तिने आत जाऊन आपला फडका झटकला, घडी घातली आणि ती गेली.

आमच्याकडे गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. काकीच्या हाताने माल बाटतो, असं झालं. दुसऱ्या दोन कारखान्यांनी तिला घेतलं नाही. गावात समाराधनेच्या जेवणासाठी तांदूळ निवडायला बायका बोलावतात, तिथेही तिला बोलावणं येईनासं झालं. ज्या बाईने आयुष्यभर हात धुतल्याशिवाय कशाला स्पर्श केला नाही, तिची ही गत. तिने कुणाकडे माझं नाव घेतलं नाही. मी नोकरी पुरी केली. निरोपसमारंभात शाल मिळाली.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, मी तिच्या घरी गेलो. कशामुळे गेलो ते नेमकं सांगता येत नाही. सकाळी उठलो तेव्हा गुडघे इतके आखडले होते की वाटलं, आता पुढच्या थंडीत आपण चालू शकणार नाही. ती अंगणात उन्हाला बसली होती. आकसून लहान झाली होती. मला ओळखून तिने पाय आवरले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डबे, ग्रेडिंगची खोली, माझे हात, सगळं.

"माका सांगान काय होतला?" ती म्हणाली. "माका म्हायत आसा. तेंका सांग." तेंका म्हणजे कटिंगच्या बायांना.

मी निघायला लागलो, आत्ताच जातो म्हणालो. तिने हात धरला. "आज नको. दमलंस तू. वायच बस." आणि मग तिने मला गुडघ्यांबद्दल विचारलं. सकाळी पाणी ऊन करून घेतोस का, कानाला काही बांधतोस का, संध्याकाळी भात गरम जेवतोस का. मी तिच्यावर केलेल्या अन्यायाबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या दिनक्रमाबद्दल मात्र खूप विचारले. माझ्या मुलाने फोनवर कधी इतके विचारलेले नाहीत.

मी तिला शब्द दिला होता. पण आधी गुडघे होते, मग खोकला, मग शिमगा, मग आंब्यांची गडबड. तुम्ही म्हणाल, कारखाना किती लांब होता? एसटीने वीस मिनिटं. श्रावणात काकी गेली. तोवर मी गेलो नव्हतो.

या कार्तिकात गेलो. शेट आता म्हातारे झालेत, फारसे येत नाहीत. सुपरवायझर एक तिशीतली मुलगी आहे. तिने अदबीने खुर्ची दिली. मी म्हटलं, बायांशी दोन शब्द बोलायचे आहेत. यंत्रं थांबली. आता बायांना हातमोजे देतात, पण त्याने बी नीट धरता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मोज्यांच्या बोटांची टोकं कापून टाकलेली.

मी सांगितलं. बहुतेकींनी काकीला पाहिलंही नव्हतं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. त्या काळातली एकच बाई उरली होती, तेव्हाची ती पावडर लावणारी मुलगी. आता केस पांढरे. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"म्हणजे काकीचा काय चुकला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"आणि आमची धा मिन्टां बंद केलास ती?"

मी इतकी वर्षं फक्त काकीचा विचार करत होतो. या बायांचा हिशेब माझ्या मनातही नव्हता. त्या हिवाळ्यापासून आजपर्यंत प्रत्येक हिवाळा या हातांनी तसाच काढला होता, आणि त्यांतले कित्येक हिवाळे मीच त्यांची हजेरी घेत होतो.

सुपरवायझर मुलगी अवघडली. तिने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, आज बसा जरा दहा मिनिटं, शेटशी मी बोलते. बाया उठून मागे उन्हात गेल्या. तेल कुणाकडेच नव्हतं. दोघीतिघींनी मोबाइल काढले. बाकीच्यांना त्या वेळेचं काय करायचं ते कळेना, त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

पांढऱ्या केसांची ती एकटी भिंतीला टेकून बसली. हातमोजे काढून तिने पंजे मांडीवर उताणे ठेवले. बोटं अर्धवट वाकलेलीच राहिली. तिने दुसऱ्या हाताने ती दाबून सरळ करून पाहिली. होत नव्हती. मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्याच बोटांनी ती माझ्यासमोर हजेरीवर सही करत होती.