ऍलनची चाकं

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानणाऱ्या घरातली नाही. आमचं नागपूरचं बौद्ध घर. मी तान्ही असताना शेजारच्या काकूंनी माझ्या पायात काळा दोरा बांधला, तर आईने तो त्यांच्यासमोरच कापून टाकला होता म्हणे. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बिघाडाला कारण असतंच, सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नाही, हे ऐकत मी मोठी झाले. पुढे नर्स झाले. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांमध्ये वीसेक वर्षं काढली. माणसं जाताना खूप पाहिली... परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

तरी हे लिहितेय. का, ते शेवटी कळेल.

तीन वर्षांपूर्वी मी हॉस्पिटल सोडून डर्बीशायरच्या डोंगराळ भागात, बक्स्टनजवळ, डिस्ट्रिक्ट नर्सची नोकरी घेतली. म्हणजे दिवसभर गाडी घेऊन डोंगरातल्या घरांमध्ये जायचं—ड्रेसिंग, इंजेक्शनं, कॅथेटर. गाडी माझी सतरा वर्षं जुनी, छोटी हॅचबॅक. लंडनच्या हॅरो-एजवेअरमधल्या लोकांना विंटर टायर, म्हणजे बर्फात पकड धरणारे टायर म्हटलं की हसू येईल, तिकडे कुणी लावत नाही. पण इथे पहिल्याच हिवाळ्यात मी एका चढावर दोन तास अडकून बसले आणि एक म्हातारे पेशंट इन्सुलिनसाठी माझी वाट बघत राहिले. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी तयारीने राहायचं.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये बाबा माझ्याकडे राहायला आले. आईला जाऊन वर्ष झालं होतं. शहात्तर वर्षांचा हा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. विचारलं तर "बरा आहे" म्हणायचा. मला त्यांची काळजी वाटत होती. मग एक दिवस मी टायरचा विषय काढला आणि ते कित्येक महिन्यांनी खुर्चीत ताठ बसले.

ऑनलाइन एक जाहिरात दिसली. माझ्याच मॉडेलला बसणारी चार विंटर टायर, लोखंडी रिमवर चढवलेली. आम्ही दोघं आणायला गेलो. मेन रोडवरून एक अरुंद लेन वर जाते, अर्ध्या मैलावर एकच दगडी घर. तिथे जोन राहायची, वय ऐंशीच्या पुढे, एकटी. तिचा नवरा ऍलन त्या उन्हाळ्यात वारला होता. तो या भागातली दगडी कुंपणं बांधायचा, आणि त्याची गाडीही माझ्याच मॉडेलची होती. गाडी विकली गेली, चाकं मात्र शेडमध्ये राहिली. प्रत्येक चाक जुन्या चादरीत गुंडाळलेलं. जोनने चहा दिला. बाबांचं इंग्रजी आणि तिचा डर्बीशायरचा उच्चार यांचं काही जुळेना, पण चादरी सोडून रबर बोटांनी दाबत दोघं बराच वेळ बोलत होती. निघताना तिने एका चाकावर हात ठेवला आणि काढला. बस, एवढंच.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी आम्ही ती बसवली. बाबांनी मला गाडीला हात लावायला लावला, स्वतः स्टूलवर बसून सांगत होते. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे ढिले कर, मग जॅक लाव. जॅकच्या भरवशावर राहू नको, खाली स्टँड दे. टायरवर बाण असतो, तो पुढे फिरणाऱ्या दिशेला आला पाहिजे. बोल्ट एकामागून एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे. माझं हे चालू असताना त्यांनी बॅटरीची टोकं घासून साफ केली, कूलंट तपासलं, दारांच्या रबराला सिलिकॉन लावलं, म्हणजे थंडीत दार चिकटत नाही. डिकीत फावडं, ब्लँकेट, फ्लास्क ठेवायला लावला. पन्नास मैल चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे, तेही त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले. पुढे महिनाभर गाडी सुतासारखी सरळ चालली. हे मुद्दाम लिहितेय.

डिसेंबरमध्ये पहिला मोठा बर्फ पडला. शनिवार होता, मला सुट्टी. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि त्यांना बर्फातले डोंगरही पाहायचे होते, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास निघालो. मेन रोडवर कौन्सिलने बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं, रस्ता मोकळा होता. ताशी वीस मैलांच्या वेगाने चालले होते.

जोनच्या लेनचं तोंड डाव्या हाताला येतं. तिथे पोचलो आणि स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं.

घसरणं मला माहीत आहे. घसरताना स्टिअरिंग हलकं होतं, हातात काही उरत नाही. हे जड होतं. मी सावरलं, थोडं पुढे जाऊन गाडी थांबवली. बाबा खाली उतरले, गेजने चारही टायरची हवा तपासली, सारखी होती. ब्रेक धरत असेल तर चाक गरम लागतं, म्हणून रिमपाशी हात नेऊन पाहिले. चारही थंड. बोल्ट घट्ट. "चालव पाहू," म्हणाले. गाडी अगदी सरळ गेली.

"रस्त्याला तिथे कडेकडे उतार असेल," बाबा म्हणाले. "परत ने. त्याच जागेवरून."

त्यांच्या वर्कशॉपमधल्या सवयीच या. पुढे रस्त्याकडेला गाड्या थांबवायची जागा होती, तिथून मी वळले आणि उलट्या दिशेने आले. आता लेन उजव्या हाताला होती. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो; त्या उताराने ओढलं असतं तर आताही गाडी डावीकडे, आपल्या कडेला गेली असती.

ती उजवीकडे ओढली गेली.

मी पुढे जाऊन पुन्हा गाडी वळवली. तिसऱ्यांदा त्या जागी येताना त्यांनी आपला उजवा हात पुढे करून स्टिअरिंगवर ठेवला, माझ्या हातांच्या मध्ये. बैल ओळखीच्या वाटेला वळतो ना, झटका न देता, फक्त मान तिकडे घालतो... तसंच ते ओढणं होतं. त्यांच्याही हाताला ते लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सोड," ते म्हणाले. "जाऊ दे तिला."

मी पकड सैल केली. गाडी लेनमध्ये वळली. लेनमध्ये मीठ नव्हतं, घोट्याएवढा बर्फ आणि चढ. पण ती चाकं एकदाही जागच्या जागी फिरली नाहीत, की घसरली नाहीत. वर पोचेपर्यंत मला एकच प्रश्न पडला होता, की जोनला आता सांगायचं काय, का आलो म्हणून.

बेल वाजवली, कुणी दार उघडेना. चिमणीतून धूर नव्हता. बाबा घराच्या मागे गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली. जोन कोळशाच्या पेटीजवळ पडली होती. बादली बाजूला, एक पाय विचित्र कोनात, अंगावर नुसता कार्डिगन. हिप मोडल्याचं पाहताच कळलं. ती आता थरथरतही नव्हती आणि हे वाईट लक्षण असतं. शुद्ध होती, पण बोलणं जड. हलवता येणार नव्हतं. मी ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोन लावला, डिकीतलं ब्लँकेट आणलं, घरातल्या रजया आणून तिच्या अंगाखाली जमेल तशा सारल्या. बाबा वाऱ्याच्या बाजूला आडोसा धरून बसले, तिचा हात आपल्या स्वेटरमध्ये घेऊन. तिला झोपू देऊ नका, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. तर पाऊण तास, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, ते तिच्याशी बोलत राहिले—मराठीत. माझ्या आईबद्दल. वर्षभरात ते आईबद्दल माझ्याशीसुद्धा इतकं बोलले नव्हते.

जोन वाचली. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

आठवड्याने मी तिला भेटायला वॉर्डमध्ये गेले. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, पडल्या पडल्या गाडीचा आवाज येत होता. दोनदा खालून निघून गेली, तिसऱ्यांदा वळली. आता, मेन रोड तिथून अर्धा मैल खाली आहे, मध्ये टेकाड, आणि बर्फ आवाज खाऊन टाकतो. पण दोनदा आणि तिसऱ्यांदा... हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "तू वळलीस का?"

मी म्हटलं, गाडी घसरली म्हणून वळले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्या टायरवर?" एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

नंतर मी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. अलाइनमेंट, सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, सगळं ठीक. त्या जागेवरून हिवाळाभर शंभर वेळा गेले असेन, गाडी सरळ जाते. तुम्ही म्हणाल, मनात कुठेतरी त्या म्हातारीची काळजी असेल आणि माझ्याच हातांनी वळवली. मीही हेच म्हटलं असतं. पण मग बाबांच्या हाताला काय लागलं? त्यांना विचारलं, तर म्हणाले, "माहीत नाही. माहीत नाही म्हणजे मानलं असं नाही." आणि पुढे दोन दिवस ते कागदावर एकेक कारण लिहून खोडत बसले होते.

आता ते नागपूरला आहेत. जोन वॉकर घेऊन चालते. त्यांची ख्यालीखुशाली माझ्यामार्फत एकमेकांना कळते. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. डेपोतले जुने मित्र जमले होते, त्यांनी बर्फातला किस्सा सांगायला लावला. मी विचारलं, सगळं सांगितलंत?

"नाही," बाबा म्हणाले. "गाडी घसरली म्हणून सांगितलं."

जिथे रोज पंचशील म्हटलं गेलं त्या घरातली आम्ही माणसं. खोटं बोलणार नाही, असं बाबांनी आयुष्यभर म्हटलं आणि पाळलं. मीही पाळलं. आणि या एकाच गोष्टीबद्दल, एकमेकांना न विचारता, दोघांनी एकच खोटं सांगितलं.

म्हणून हे लिहितेय. गाडी घसरली नव्हती. का वळली, ते मला माहीत नाही.