गुऱ्हाळावरची बहीण

लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडे, रस्त्याला लागून व्यंकटचं गुऱ्हाळ आहे. सिंधु तिथं पहिल्यांदा आली तेव्हा त्याला मालक म्हणायची. सगळेच म्हणायचे. तो सरळ होता. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हातावर ठेवायचा, आणि बाईमाणसाशी बोलताना खाली बघून बोलायचा. सिंधुला तेवढं पुरे होतं.

ती नांदेडपलीकडच्या इस्लापूरकडची. घरची कोरडवाहू जमीन होती, पण कापूस वेचून झाला की तिच्यात करण्यासारखं काही उरत नसे. मग ती आणि नवरा हणमंत दरवर्षी कुठंतरी कामाला जायचे. त्या वर्षी कुणीतरी मुरुडचं नाव सांगितलं. पोरीला, साक्षीला, त्यांनी किनवटच्या निवासी शाळेत ठेवलं होतं. पोरगी पाचवीत होती. वसतिगृहात दोन वेळचं गरम जेवण होतं, झोपायला पलंग होता, आणि मुख्य म्हणजे आईबापांच्या मागं मागं गावोगाव फिरावं लागत नव्हतं. सिंधु स्वतः सातवीपर्यंत अशीच फिरत फिरत शिकली आणि मग राहूनच गेली. साक्षीची किनवटमधली जागा टिकली पाहिजे, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात धरून ठेवली होती.

मार्चमध्ये वसतिगृहातून फोन आला की साथ आली आहे, मुलींना घेऊन जा. हणमंत जाऊन पोरीला घेऊन आला. एका पिशवीत गणवेश, दोन फ्रॉक आणि भूगोलाचं पुस्तक. थोड्या दिवसांची सुट्टी असेल असं सगळ्यांनाच वाटलं. मग एसट्या बंद झाल्या, आगगाडी बंद झाली, बाजार बंद झाला. गुऱ्हाळावरचे बाकीचे मजूर टोपल्या डोक्यावर घेऊन चालत निघाले. सिंधुलाही निघायचं होतं, पण नेमका हणमंत तापानं फणफणला.

गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. तापाची बातमी कशी फुटली कोण जाणे, सकाळीच पाच-सहा जण तोंडाला उपरणी बांधून लांब उभे राहिले.

"व्यंकट, परगावची माणसं काढ म्हणलो तुला. आमच्या लेकराबाळांच्या जिवावर उठलाव का?"

व्यंकट ढेपा झाकत होता. त्यानं हात पुसले आणि सिंधु जिथं उभी होती तिथं येऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"परगावचं कोण हाय हिथं? ही माझी बहीण हाय."

"आँ? कवापासून रं?"

"आत्तापासून. का, तुला आहेर करायचाय?"

एकजण हसला. मग दुसराही हसला, आणि माणसं परत गेली. व्यंकटनं हणमंतला पिकअपमध्ये शेजारी बसवलं आणि लातूरच्या दवाखान्यात नेऊन आणलं. त्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाजवळ सख्खा भाऊ बसत नव्हता. हा बसला. सिंधु पुढं कितीही उलटसुलट विचार करत राहिली तरी येऊन पुन्हा त्या पिकअपपाशीच थांबायची.

हणमंत बरा झाला. व्यंकटच्या घरून ज्वारी येई, तेल येई, कधी त्याची बायको, वहिनी, लोणच्याची वाटी पाठवी. पावसाळ्यात त्यांनी त्याच्या सोयाबीनात खुरपलं. राखीपुनवेला सिंधुनं दुकानातून गोंड्याची राखी आणली आणि स्वतःहून त्याच्या हाताला बांधली. कुणी बांध म्हणालं नव्हतं. व्यंकटचे डोळे भरून आले. त्यानं साडी दिली, हिरवी, काठाची. मालक दादा झाला, हणमंत दाजी झाला, साक्षी भाची झाली.

आणि बाजारच्या दिवशी हातावर मजुरी ठेवणं बंद झालं.

ते एकदम झालं नाही. आधी एक आठवडा चुकला, मग व्यंकट म्हणाला, "ताई, तुला काय लागंल ते सांगत जा. घर तुझंच हाय." आणि सांगितलं की तो द्यायचाही. साबण, गोळ्या, साक्षीला चप्पल. पण दरवेळी सांगावं लागायचं. सिंधु मनात ठरवून जायची की आज कामाचं बोलायचं, आणि तो "ये ताई, च्या घे" म्हणाला की ती कप घेऊन बसायची. भावाला मजुरी कशी मागायची? आणि मागितली नाही, तर मग ती इथं करत होती ते काय होतं?

हणमंतला असलं काही सुचत नव्हतं. जन्मात त्याला कुणी मान दिला नव्हता.

"दाजी, जरा मोटार चालू करता का?" व्यंकटची हाक आली की हा जेवणावरून उठून पळायचा.

गूळ करणारा गुळव्या, संगप्पा, निलंग्याकडचा होता. काहिलीतला पाक बोटावर घेऊन बघता बघता तो म्हणायचा, "पळा, दाजी, पळा. जावयाला कुणी हजेरी देतंय व्हय?"

"तू जळतोस," हणमंत म्हणायचा.

"न्हाई जळत बाबा. मला मालकानं अजून भाऊ म्हणलं न्हाई, म्हणून माझा पगार येतोय. देवाची कृपा."

सगळे हसायचे. सिंधुही हसायची, आणि काहिलीखालच्या चुलवणाकडं बघायची, कारण तिथं साक्षी असायची.

पोरीनं ते काम खेळता खेळताच उचललं होतं. उसाचा रस निघाला की राहिलेलं चिपाड उन्हात पसरायचं, वाळलं की गोळा करून चुलवणापाशी नेऊन लावायचं. दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला तोपर्यंत ते काम साक्षीचंच होऊन बसलं. कुणी सांगितलं असं नव्हतं. तिच्या बोटांना चिरा पडल्या, डोळे लाल राहू लागले, आणि पहाटे धुराचा खोकला यायचा. प्रत्येक खोकल्याला सिंधुचा जीव खाली-वर व्हायचा, की हा धुराचा आहे की तो दुसरा. एके दिवशी वेणी घालताना तिनं पोरीला तेराचा पाढा विचारला. पोरगी अर्ध्यात अडली आणि हसून म्हणाली, "आई, मामा म्हणतेत, माझ्यासारखं चिपाड कुणालाच लावता येत न्हाई."

सिंधुच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

त्याच सुमाराला किनवटच्या वसतिगृहातून मनस्विनी मॅडमचा फोन आला. संक्रांतीनंतर शाळा उघडेल असं दिसतंय, मुलीला आणून सोडा. ज्या येणार नाहीत त्यांच्या जागी दुसऱ्या मुली घ्याव्या लागतील. सिंधु तशीच व्यंकटकडं गेली.

"किनवटला?" व्यंकट म्हणाला. "अगं ताई, साथ गेली का अजून? येवढ्या पोरी एका खोलीत. भाचीला काय झालं तर तोंड कुठं दाखवायचं? पुढल्या वर्षी हिथंच मुरुडच्या शाळेत घालू. मी हाय की."

यातला एक शब्दही खोटा म्हणावा असा नव्हता. हीच भीती तिच्याही पोटात होती. ती परत आली तेव्हा तिला वाटलं, बरं झालं भावानं अडवलं. भाकरी थापता थापता वाटलं, अडवलं ते भावानंच का?

मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. त्या दिवशी मुरुडच्या बाजूला घरात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, खोपटासारखी, उभी केलेली, तिच्यात पूजा, मग जेवायला भज्जी, उंडे आणि आंबील. लातूरहून व्यंकटची सख्खी बहीण मंजुश्री तिच्या सृष्टीला घेऊन आली. सृष्टी साक्षीच्याच वयाची, केस मोकळे, हातात मोबाईल. सिंधु पहाटेपासून वहिनीबरोबर चुलीपुढं होती. आंबिलीची बिंदगी, छोटी घागर, डोक्यावर घेऊन साक्षी बांधावरून येत होती.

भाचीच्या पाया पडायची त्यांच्यात रीत. व्यंकटनं टोपी काढली आणि सृष्टीच्या पायांवर डोकं टेकलं. सिंधुनं चटकन नजर खाली घातली. आता कळेल, तिला वाटलं. आता हा माझ्या पोरीला विसरेल आणि मला एकदाचं कळेल की हा आपला कोण.

"साक्षे! बिंदगी ठेव की. ये हिकडं."

व्यंकटनं साक्षीला सृष्टीशेजारी उभं केलं आणि तिच्याही पाया पडला. नुसता वाकला नाही. चिपाडानं ओरखडलेल्या, टाचा फुटलेल्या त्या पायांवर त्यानं डोकं टेकलं आणि दोघींच्या हातावर सारखाच खाऊ ठेवला. साक्षी लाजून हसली. सिंधुच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस नाटक करत नव्हता. तिनं मनातल्या मनात कान पकडले.

जेवणं झाली. मंजुश्री निघायला उठली. "सृष्टीचा उद्या ऑनलाइन पेपर आहे, दादा. अभ्यास नको का व्हायला?"

"हाव, हाव. नीट जावा," म्हणत व्यंकट गाडीपर्यंत गेला. धूळ खाली बसल्यावर तो वळला, उन्हाकडं बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "साक्षे, ऊन हाय तवर तेवढं चिपाड उलटून घे, बाई."

साक्षी पळाली. दाजी म्हटल्यावर बाप पळायचा तशीच.

पुढच्या आठवड्यात सिंधुनं पिशवी भरली. कुणाला विचारलं नाही. गणवेश आखूड झाला होता, तरी घेतला. हणमंत म्हणाला, "हंगामाच्या मधात काय लावलं हे? त्याला काय वाटंल?"

"मी पोरगी सोडून येते. तुमी थांबा."

"जीव वाचवला त्यानं माझा."

"माहिती हाय," सिंधु म्हणाली. "तेच तर समजून नाही राह्यलं."

व्यंकट रागावला नाही. उलट त्यानं गुळाची ढेप बांधून दिली आणि स्वतः गाडीवरून दोघींना बसस्टँडवर सोडलं. "सांभाळून, ताई," एवढंच म्हणाला. तिकिटाला तिनं भाऊबीजेला त्यानंच ताटात टाकलेली नोट मोडली.

इस्लापूरचा थांबा आला, तिचं बंद घर दोन शेतं पलीकडं होतं, पण ती उतरली नाही. किनवटला मॅडमनं साक्षीला लांबूनच बघितलं, ताप मोजला, सॅनिटायझर दिलं. चिरा पडलेल्या बोटांना ते झोंबलं, तसा पोरीनं हात झटकला. आत जाताना ती मागं वळली. आता रडेल, म्हणून सिंधुनं मन घट्ट केलं.

"आई, चिपाड कोण लावंल आता?"

परतीच्या वाटेवर सिंधु तेवढं एकच वाक्य ऐकत राहिली. नांदेड गेलं, लातूर आलं. व्यंकटला काय म्हणायचं ते तिनं दहा प्रकारांनी जुळवलं. भाऊ म्हणून दिलं असेल तर असं, मालक म्हणून दिलं असेल तर तसं. गुऱ्हाळावर उतरली तेव्हा त्यातलं काहीच आठवेना.

"आलीस, ताई? पोरगी रडली का गं?"

"मालक," सिंधु म्हणाली.

काहिलीपाशी संगप्पाचा झारा थांबला. व्यंकटनं इकडं तिकडं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

"मालक म्हणलीस?"

"आमच्या कामाचं... मालक, आमच्या कामाचं बघा. यांचं, माझं. मी यांना न्यायला आले."

"मी काय कमी केलो, ताई?"

"न्हाई केलं."

"मग कुणी कान भरले? ह्या संगप्पानं?"

"न्हाई हो. कुणी न्हाई."

तो पोत्यावर बसला. मग त्यानं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं, "मालक म्हणलीस तर मग खाल्लेलं धरायचं का? ज्वारी, दवाखाना?"

"धरा," सिंधु म्हणाली. "पण मग पोरीचं चिपाडही धरा. आन् भाऊ असाल तर... भाऊ असाल तर काय, ते मला सांगता येत न्हाई."

व्यंकट घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं पैसे हणमंतच्या हातात दिले, तिच्या नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. किती होते ते हणमंतनं मोजलं नाही. संगप्पानं लांबूनच गड्डीचा अंदाज घेतला आणि हळूच म्हणाला, "निम्मं असंल." मग झारा उचलून, "लोक तेवढं बी देत न्हाईत."

टोपलं उचलून दोघं निघाली तेव्हा वहिनी कुंकवाचा करंडा आणि खण-तांदूळ घेऊन दारात आली. बहीण निघाली की ओटी भरायची, हे तिच्या हाताच्या सवयीचं. दारात आल्यावर तिला कळलं की आता भरायची की नाही हे तिलाही माहीत नाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं. व्यंकट चुलवणाकडं गेला होता आणि स्वतःच चिपाड आत सारत होता.

सिंधुनं पदर पुढं केला. बरोबर की चूक, तिला कळलं नाही. तसंच जाणं तिला जमलं नाही.

एसटीत जागा मिळाली. लातूर मागं पडल्यावर हणमंत म्हणाला, "म्हणजे आता मी दाजी हाय का न्हाई?"

सिंधुनं पदरातले तांदूळ सांडू नयेत म्हणून गाठ मारली.

"इस्लापूरला उतरायचं न्हाई," ती म्हणाली. "आधी पुढं किनवटला जाऊ. पोरीला लांबून का होईना, बघू. हात बरे झाले का ते बघू. मग मागं घराकडं येऊ."